गावंडेसाहेबांचा कोट

अकोल्यात मे महिन्याच्या भर दुपारी रस्त्यावर दोनच गोष्टी हलताना दिसायच्या. एक वितळलेलं डांबर आणि दुसरे आमचे प्रभाकर गावंडे. बाकीचं गाव डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून, दुकानांच्या सावलीसावलीने सरकत असायचं. आणि हा माणूस काळा कोट, गळ्यात टाय, मनगटापर्यंत बाह्यांची बटनं लावलेली, अशा थाटात लुनावर ताठ बसून कचेरीत यायचा. बाभळीखाली लुना लावायची, रुमालाने आधी तिची सीट पुसायची, मग स्वतःचं कपाळ पुसायचं आणि कूलरसमोरच्या खुर्चीत येऊन बसायचं, हा त्यांचा क्रम. कूलरसमोरची ती जागा त्यांना कोणी दिलेली नव्हती, पण त्यांच्याकडून ती मागायची कोणाची हिंमतही झाली नाही.

आम्ही दोघे एका बियाणे कंपनीच्या विभागीय कचेरीत होतो. मी आस्थापनेत, म्हणजे रजा, हजेरी, बदल्या आणि रुसवेफुगवे सांभाळायचो. गावंडे तक्रारींवर. पेरलेलं उगवलं नाही की शेतकरी दुकानदाराकडे जायचा, दुकानदार त्याला आमच्याकडे पाठवायचा, आणि आमच्याकडे म्हणजे गावंड्यांकडे. वऱ्हाडासाठी ते दिवस फार वाईट होते. पीक आलं तर भाव नाही, भाव आला तर पीक नाही, आणि वर्तमानपत्र उघडायची भीती वाटावी अशा बातम्या. दारात येणारा माणूस आधीच पेटलेला असायचा. गावंडे त्याला बघून उभे राहायचे, कोटाची बटनं चाचपायचे आणि म्हणायचे, "बसा दादा. आधी पाणी प्या. मंग शिव्या द्या." पाणी पिऊन झाल्यावर शिव्या देणारा माणूस मी फारसा पाहिला नाही.

कोटाबद्दल विचारलं की त्यांच्याकडे दर वेळी नवं उत्तर तयार असे. टायपिस्टबाईंना त्यांनी सांगितलं होतं की आत घाम आला की तो बाहेर जात नाही, त्यामुळे माणूस माठासारखा गार राहतो. जीपचा ड्रायव्हर मुरली याला सांगितलं की कोट सासऱ्याने लग्नात दिलेला आहे आणि झिजेपर्यंत घालायचा शब्द दिला आहे. मला म्हणाले, "इंग्रज काय येडे होते का मनोहरभाऊ? इतकी वर्षं राज्य केलं त्याइनं, ते का बनियनवर केलं?" कोणी फारच गळ घातली, निदान वरचं एक बटन तरी खोला म्हणून, की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं. "बटनाचं काम बटनाले करू द्या. आपलं काम आपण करू."

त्यांना 'विलायत' हे नाव मी दिलं. "विलायत आले का?" "विलायत दौऱ्यावर गेले." ते नाव इतकं चिकटलं की त्यांच्या घरी जायचं तर रिक्षावाल्याला विलायतचं घर सांगितलं तरी पुरे व्हायचं. त्यांच्या मुलीला, सीमाला, कॉलेजात काही पोट्टे विलायतची पोरगी म्हणायचे हे मला बऱ्याच उशिरा कळलं. नावाबरोबर मी गोष्टीही रचल्या. गावंडे न्हाव्याकडे गेले तरी कोट काढत नाहीत, त्यामुळे न्हावी जेवढं बाहेर दिसतं तेवढंच कापतो. गावंडे आंघोळीला जाताना टाय सैल करतात, काढत नाहीत. दरवर्षी विक्रेत्यांचा मेळावा व्हायचा, अमरावतीपासून वरुडपर्यंतचे दुकानदार यायचे, आणि जेवणानंतर मला फर्माइश व्हायची, "मनोहरभाऊ, विलायतचं काही नवीन?" नवीन नसलं तर मी तयार करायचो. लोक हसायचे, मला बरं वाटायचं.

परवा आम्हा निवृत्त लोकांचा जेवणाचा कार्यक्रम होता. तिथे एकाने न्हाव्याची गोष्ट सांगितली, जशीच्या तशी, माझ्याच शब्दांत. गावंड्यांना कधी पाहिलंही नाही असे लोक हसले. घरी आल्यावर मला जेवलेलं पचेना. म्हणून हे लिहायला बसलो. गावंडेसाहेबांना फोन करून परवानगी मागितली. ते म्हणाले, "लिहा ना. आता काय झाकाचं आहे? फक्त कापड टेरीवूल होतं हे लिहा. लोकाइले वाटते साधं होतं." तर कापड टेरीवूल होतं.

त्यांच्या कोटाची एक खरी गोष्टही आहे, आणि ती मी रचलेल्या सगळ्या गोष्टींपेक्षा चांगली आहे. कौंडण्यपूरच्या बाजूच्या एका गावातून तक्रार आली होती. गावंडे पाहणीला निघाले, मी मजा बघायला सोबत गेलो. त्या वर्षांत वऱ्हाडात समित्या फार यायच्या. मुंबईची समिती, दिल्लीची समिती, अभ्यास करणारी, मदत सुचवणारी, आधीच्या समितीने काय सुचवलं ते बघणारी. आमची जीप गावाच्या पारापाशी थांबली, त्यातून काळा कोट उतरला, आणि गाव काय समजायचं ते समजलं. पाच मिनिटांत बाज आली, चादर आली, चहा आला. सरपंचांनी हार आणला. तो आधीच्या समितीसाठी आणलेला असावा, कारण फुलं सुकली होती.

"समितीत तुमी एकलेच का साहेब?" सरपंचांनी विचारलं.

गावंडे म्हणाले, "मी समिती नाही बाप्पा. मी बियाण्याचा माणूस आहे."

"असंच म्हणतेत सारे. बसा."

मग गावाने त्यांना शाळेची पडकी भिंत दाखवली. पाण्याची टाकी दाखवली, जिच्यात पाणी सोडून सगळं होतं. एका म्हातारीने तिच्या नावाच्या शिधापत्रिकेवर तिला मेलेली दाखवल्याचं सांगितलं आणि गावंडे तिला म्हणाले, "माय, तू तर चांगली खडखडीत आहेस," तेव्हा ती म्हणाली, "तेच लेहून घे." हे दुपारभर चाललं. एकदाही त्यांनी कपाळाला आठी घातली नाही. ती म्हातारी शेवटी त्यांच्या घामाने निथळणाऱ्या मानेकडे बघून म्हणाली, "कोट काढ लेका. आमी काई म्हणत नाई." गावंडे नुसते हसले. मग ज्या शेतासाठी आम्ही आलो होतो तिथे गेल्यावर ते कोटासकट गुडघ्यांवर बसले आणि ओळीने माती उकरत गेले. बी कुजलेलं निघालं. त्यांनी ते तळहातावर घेऊन शेतकऱ्याला दाखवलं आणि म्हणाले, "तुमची चूक नाही दादा. आमचं बी खराब होतं." आमच्या कंपनीत असं वाक्य बोलायची पद्धत नव्हती. मी परत येऊन हाराची गोष्ट सगळ्यांना सांगितली. मातीची सांगितली नाही. ती सांगून कोणी हसलं नसतं.

तर असे गावंडे. आणि मग एका मार्चमध्ये पुण्याहून सबनीस आले.

सबनीस आमचे नवे विभागीय व्यवस्थापक. वयाने लहान, मनाने चांगले, पण आमची बोली ऐकून त्यांना पहिला महिनाभर वाटायचं की कचेरीत सतत भांडण चालू आहे. त्यांनी मला बोलावून सूचनाफलकावर लावायला एक कागद दिला. एप्रिलच्या नव्या आर्थिक वर्षापासून सर्वांनी 'बिझनेस कॅज्युअल' पोशाखात यावं.

मी कागद लावला. तासाभराने फलकासमोर गर्दी होती. आमच्याकडे कॅज्युअल म्हणजे किरकोळ रजा. मुरलीने विचारलं, ही नवीन कॅज्युअल पगारी का बिनपगारी. टायपिस्टबाई म्हणाल्या, बिझनेस म्हणजे धंदा, धंदा करणाऱ्याला रजा कुठली, तेव्हा बिनपगारीच असणार. मी आस्थापनेचा माणूस, मला सगळं माहीत असायला हवं, म्हणून मी गंभीर चेहरा करून म्हणालो, तपशील येत आहे. तपशील विचारायला मी सबनीसांकडे गेलो.

"अहो सोपं आहे," सबनीस म्हणाले. "फॉर्मल नको आणि घरगुतीही नको. दोन्हींच्या मधलं."

"मधलं म्हणजे?"

"कॉलरचा शर्ट, गळ्याशी एक बटन मोकळं. सुती पँट. बंद बूट. कोट नको, टाय नको, सफारी नको. जीन्स नको, सपाता नकोत. बाह्या अर्ध्या असल्या तर उत्तम. माझं म्हणणं एवढंच आहे की लोकांचे दिवस वाईट आहेत. आपण दारात उभे राहिलो तर बँकेचा वसुलीवाला आला असं त्यांना वाटू नये."

माणूस चुकीचं बोलत नव्हता. पण 'मधलं' हा शब्द आमच्या कचेरीला झेपला नाही. आमच्याकडे कपडे दोन प्रकारचे. घालून जायचे आणि घरी आल्यावर घालायचे. मधले कपडे म्हणजे दारात उभं असताना घालायचे की काय, अशीही एक शंका निघाली. एक एप्रिलला मुरली फवारणीच्या औषधाची जाहिरात छापलेला गोल गळ्याचा शर्ट घालून आला, पाठीवर मेलेली अळी. हिशेबाचे दोघे भाऊबीजेचे चमचमते कुडते घालून आले. मी पांढरा शर्ट बाहेर सोडून गेलो आणि फाटकावर पहारेकऱ्याने मला विचारलं, "भाऊ, निवडणूक लागली का?"

गावंडे कोट घालून आले. टायसुद्धा होता.

सबनीसांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मीही होतोच. "गावंडे, तुम्ही सूचना वाचली ना?"

"वाचली साहेब. मुद्दाम मधलाच घातला."

"कोण मधला?"

"हा कोट. एक काळा आहे, एक चॉकलेटी आहे आणि एक हा राखाडी. हा मधला."

सबनीसांना हसू आलं, मलाही आलं. पण तिसऱ्या दिवशी त्यांना हसू आलं नाही आणि आठवड्याच्या शेवटी त्यांनी मला सांगितलं, "मनोहरराव, सगळे ऐकतात आणि हे एकटे ऐकत नाहीत. उद्या मला कोण विचारणार? सोमवारी कोट दिसला तर मी त्यांना तक्रारींवरून काढून बडनेऱ्याच्या गोदामात पाठवतो. तिथे काय हवं ते घाला म्हणावं. तुम्ही समजावून सांगा."

समजावण्यासाठी गावंडे सापडले ते शब्बीरभाईंच्या दुकानात. शब्बीरभाई टिळक रोडच्या मागच्या गल्लीतले शिंपी, आमची निम्मी कचेरी त्या आठवड्यात त्यांच्याच दारात मधले कपडे शिवायला उभी होती. गावंडे त्यांचे जुने गिऱ्हाईक. शनिवारची संध्याकाळ होती. मी बाकावर बसलो आणि बोलायला लागलो. हौसेने बोललो. म्हणालो, प्रभाकरराव, नाटक पुरे झालं, एक कोट काढायला इतका मानपान कशाला, गोदामात जायची हौस आहे का.

ते म्हणाले, "मले थोडे दिवस पायजे मनोहरभाऊ. सीमाचं जमून राहिलं. पाव्हणे अमरावतीचे आहेत. पोरगा नांदगाव पेठेले कापडाच्या कारखान्यात आहे, चांगला आहे. एकदा तिचं लग्न होऊन जाऊ द्या, मंग म्हणान ते घालतो. चड्डीवर येतो."

"लग्नाचा आणि कोटाचा काय संबंध?"

त्यांनी शब्बीरभाईंकडे पाहिलं. शब्बीरभाईंनी मान खाली घालून कात्री चालवणं चालू ठेवलं. गावंडे उठले, माप घ्यायच्या पडद्यामागे गेले आणि म्हणाले, "या इकडे."

मी गेलो. त्यांनी कोट काढून खुंटीला लावला. टाय सोडला. कॉलरचं बटन खोललं, मग मनगटांची. शर्टाच्या बाह्या कोपरावर सारल्या. मनगटाच्या जरा वरपासून कोपराच्या पुढपर्यंत दोन्ही हात पांढरे होते. गळ्याखालीही मोठा पांढरा डाग होता, नकाशातल्या तळ्यासारखा. कोड.

"पायलं?" ते म्हणाले. "डॉक्टर म्हणते लागत नाही. वंशात जाते असंही नाही म्हणते. बरोबरच सांगत असन. पण प्रत्येक सोयऱ्याले डॉक्टर कोठून दाखवू? पोरीच्या बापाले कोड आहे म्हटलं की पाव्हणे चहाही पुरा पेत नाहीत. सीमाचं एक स्थळ असंच गेलं. दवाखान्यात कोणीतरी पायलं होतं मले."

इतकी वर्षं मी या माणसाच्या गळ्याच्या बटनावर जेवणं रंगवली होती.

"गोदामात गेलो तर पाव्हणे विचारतीन, काहून काढलं?" ते म्हणाले. "आणि कोट काढून साहेबासारखं बटन मोकळं, बाह्या अर्ध्या केल्या तर विचाराचं कामच नाही. दिसूनच राहिलं."

बाहेरून शब्बीरभाई म्हणाले, "मनोहरसाब, गावंडेसाब का माप मैं खुद लेता. कारीगर के हाथ में नहीं देता." एवढंच.

मग आम्ही तिघांनी डोकं चालवलं. बंद गळ्याचा, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. उभी कॉलर, कोट नाही, टाय नाही. सबनीसांना मी पटवणार होतो की हेही मधलंच आहे. शब्बीरभाई म्हणाले, रविवारी रात्रीपर्यंत देतो. गावंड्यांनी परत सगळी बटनं लावली, आरशात गळा पाहिला आणि लुनावर बसून गेले.

सोमवारी कचेरी उघडताच माझ्या टेबलासमोर एक धिप्पाड गृहस्थ येऊन बसले. धोतर, पांढरी टोपी, हातात संत्र्यांची पिशवी. सीमासाठी पाहिलेल्या मुलाचे मामा. शेंदूरजनाघाटचे, संत्र्याचे व्यापारी. आमच्याकडे सोयरीक पक्की करण्याआधी मुलीच्या बापाच्या कचेरीत जाऊन चौकशी करायची रीत आहे. घरी सगळेच चांगले वागतात, खरा माणूस कचेरीत कळतो, असा त्यामागे हिशेब. आणि चौकशी करणारा नेमका आस्थापनेच्या टेबलापाशी येतो.

मामांनी पिशवी टेबलावर ठेवली. "गावंडेसाहेब कसे आहेत?"

"फार चांगला माणूस," मी म्हणालो.

"ते सारेच म्हणतेत. मले हे सांगा, त्या कोटाचं काय लफडं आहे?"

मी हजेरीचं पुस्तक पुढे ओढलं. "कोणता कोट?"

"बावा, मले येडा समजू नका. आमच्या वरुडच्या दुकानदारानं सांगतलं. उन्हाळ्यात कोट घालते. न्हाव्याकडेही काढत नाही, न्हावी दिसते तेवढंच कापते. आंघोळीतही टाय असते. आता तुमीच सांगा, अशा घरची पोरगी कशी कराव? माणसाच्या डोक्यात काही फरक असन तर तो पोरीतही येते. तिच्या पोराइतही येते. माही बहीण दोन रात्री झोपली नाही."

त्यांनी ती गोष्ट मला ऐकवली तेव्हा तिच्यातले शब्दसुद्धा माझेच होते. दिसते तेवढंच कापते. ते वाक्य मेळाव्यात मी हातवारे करून म्हणायचो. गावंडे ज्या कपड्याखाली मुलीचं लग्न राखत होते तोच कपडा आता ते मोडत होता, आणि त्याला माझी झालर लागलेली होती.

"ती न्हाव्याची गोष्ट खोटी आहे," मी म्हणालो.

"तुमाले काय माईत?"

"मी रचली."

मामांनी खुर्ची पुढे ओढली. "काहून?"

"लोक हसायचे," मी म्हणालो. "टायचीही मीच रचली. त्या माणसाचं डोकं माझ्यापेक्षा ठिकाणावर आहे. शेतकऱ्यासाठी कंपनीशी भांडणारा आमच्या कचेरीत तो एकटा आहे. कोट घालतो हे खरं. कशासाठी घालतो ते…"

ते मी सांगणार होतो की नाही, मला आजही ठाऊक नाही. कारण तेवढ्यात बाहेर लुना थांबल्याचा आवाज आला आणि गावंडे आत आले.

अंगात फिकट निळा सुती शर्ट होता. कॉलर साधी, वरचं बटन मोकळं. बाह्या अर्ध्या. खाकी पँट, बंद बूट. सबनीसांनी सांगितलेलं सगळं शब्दशः. दोन्ही हात कोपरापासून मनगटापर्यंत उघडे. टायपिस्टबाईंचं यंत्र थांबलं. मुरली दाराशी पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता, तो तसाच उभा राहिला. सबनीस केबिनच्या दारात आले होते, ते दारातच थांबले.

गावंडे कोणाकडे न बघता टेबलापर्यंत आले आणि मग त्यांना मामा दिसले. ओळख आधी झालेली होतीच, मुलगी पाहायला हेच आले होते. गावंड्यांचा हात एकदम गळ्याकडे गेला. तिथे बटन लावायला ते बोटं फिरवत राहिले. मग त्यांनी हात खाली घेतला आणि दोन्ही हात समोर जोडले. "नमस्कार मामासाहेब."

मामांनी त्या हातांकडे पाहिलं, गळ्याकडे पाहिलं, परत हातांकडे पाहिलं.

"हे कोड आहे का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"याच्यासाठी कोट घालत होते?"

"हो."

"इतकंच?"

"इतकंच," गावंडे म्हणाले.

मामांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, डोक्यावरून हात फिरवला आणि इतका लांब श्वास सोडला की माझ्यासमोरचे कागद हलले. "बाप्पा, बाप्पा. आमी समजलो माणूस डोक्यानं गेला." मग मुरलीकडे वळून म्हणाले, "अरे तो ग्लास आण इकडे. आणि चहा सांग. पहाटे बागेचं पाणी तसंच सोडून आलो मी, या कोटापायी." चहा आला. तो त्यांनी पुरा प्यायला, बशीतला शेवटचा घोटसुद्धा. गावंडे त्या बशीकडे बघत होते.

"हे लपवून ठेवलं नसतं तर मी चौकशीले अकोल्यापर्यंत आलोच नसतो," मामा म्हणाले.

"लोकं नावं ठेवतीन म्हणून…"

"ठेवतीनच. लोकाइले दुसरं काय काम आहे? पण येडा तर म्हणणार नाहीत." उठताना त्यांनी संत्री गावंड्यांच्या हातात दिली. "मी माहं सांगतलं. पोराच्या मायले सांगा लागते. पोराचंही ऐकू. मंग कळवतो."

ते गेल्यावर मी गावंड्यांना विचारलं, बंद गळ्याचा शर्ट कुठे गेला. ते म्हणाले, "हा तोच आहे." रविवारी रात्री शर्ट आणायला त्यांनी सीमाला पाठवलं होतं. तिने दुकानात तो उघडून पाहिला, उभी कॉलर पाहिली, लांब बाह्या पाहिल्या, आणि म्हणाली, चाचा, हाफ करा. शब्बीरभाई म्हणाले, बेटी, अब्बा को पूछ के. ती म्हणाली, मी विचारते, तुम्ही कापा. कापून, शिवून, कॉलर बदलून होईपर्यंत ती तिथेच बसली. घरी आल्यावर तिने तिन्ही कोट ट्रंकेत घातले आणि किल्ली आपल्याजवळ ठेवली. "म्हणाली, बाबा, ज्याइले हे पाहून परत जायचं त्याइले जाऊ द्या. मले त्याइच्या घरी नाही जायचं. मी म्हटलं, माय, लोकं… तर म्हणे, उद्या हाच शर्ट. नाही तर मी पाव्हण्याइले स्वतः फोन करून सांगते."

दुपारी सबनीस गावंड्यांच्या टेबलापाशी आले. मग म्हणाले, "गावंडे, मला माहीत नव्हतं. तुम्हाला हवं असेल तर तुम्ही कोट…"

"नको साहेब," गावंडे म्हणाले. "लय गरम होते."

पुढचे चार-पाच दिवस आमच्या कचेरीत कोणाचं कामात लक्ष नव्हतं. फोन वाजला की सगळे माना वळवायचे. फोन आला तो शुक्रवारी, आणि मुलाचा स्वतःचा. आई आधी घाबरली, मग गप्प राहिली, मग तिने डॉक्टरांना विचारलं, आणि शेवटी तिने मुलाला विचारलं, तुले चालते का. तो म्हणाला, मले पोरगी पसंत आहे, आणि बाप तर त्याहून. गावंड्यांनी फोन खाली ठेवला. टेबलावर डोकं टेकवलं. आम्ही घाबरून धावलो तर ते म्हणाले, "काही नाही. पंखा थोडा जोरात करा." त्या दिवशी मुरलीने कचेरीत पेढे वाटले, स्वतःच्या खिशातून.

लग्न मे महिन्याच्या शेवटी अमरावतीला झालं. आदल्या दिवशी अकोल्यात हळद होती. मी आणि माझी बायको सकाळीच गेलो. अंगणात मांडव, कडेला कूलर, पाटावर सीमा, आणि बायकांचा गोंधळ. गावंडे मांडवाच्या खांबाशी उभे होते, तोच निळा शर्ट, हात मागे बांधलेले. मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो. त्या सोमवारनंतर मी त्यांच्यापुढे नीट बोललो नव्हतो. म्हणालो, प्रभाकरराव, माझं चुकलं. ते म्हणाले, "तुमच्या गोष्टीत बी चांगलं असते मनोहरभाऊ. फक्त आमच्या शेतात कायले पेरलं?" आणि हसले.

हळद लावून झाली. वाटीत थोडी उरली होती. आमच्याकडे उरलेली हळद आल्यागेल्याला लावतात, थट्टा करतात, एकमेकींच्या गालाला फासतात. सीमा पाटावरून उठली, वाटी घेऊन सरळ आमच्याकडे आली आणि म्हणाली, "बाबा, हात द्या."

"मले कायले माय? बायाइचं काम आहे हे."

"हात द्या."

त्यांनी हात पुढे केला, पण अर्धाच. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गावंडेवहिनी हळूच म्हणाल्या, "तिसरीत होती भाऊ, तवापासून ह्याइनं तिले हाताले हात लावू देला नाही. डॉक्टर सांगे काही होत नाही. हे म्हणत, काहून जोखीम घ्या. शाळेत पोचवाले जात, तर दोन पावलं मागून चालत." मग त्या पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या.

सीमाने त्यांचा हात ओढून घेतला आणि मनगटापासून हळद लावायला सुरुवात केली. सावळ्या भागाला, पांढऱ्या भागाला, सावकाश, सगळीकडे सारखी. एक हात झाला, मग दुसरा. गावंडे मान वळवून कूलरकडे बघत होते, जणू त्या कूलरमध्ये काही बिघाड आहे. दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे झाले. कुठे डाग होता आणि कुठे नव्हता, ते आता मलाही सांगता आलं नसतं.

"झालं का वो माय?" त्यांनी विचारलं. पण हात त्यांनी मागे घेतला नाही.

"थांबा ना बाबा," सीमा म्हणाली. "कोपर राहिलं."